तेलाच्या विहिरीला हिरड्याचा काढा

मी सहा वर्षं चिखल केला. एम.एस्सी. होऊन चिखल केला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे "एवढं रसायनशास्त्र शिकून हे?" असं कुणी म्हणायला नको. आमच्या आईनं ते म्हणून झालंय. एकदा स्थळ आलं होतं, तेव्हा मुलाच्या काकांनी विचारलं, "मुलगी काय करते?" आई तोऱ्यात म्हणाली, "तेलाच्या कंपनीचं काम करते." पावण्यांनी चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "शेंगतेल का करडई?"

स्थळ तिथंच मोडलं. पण प्रश्न रास्त होता. कोल्हापुरात बसून कुणी खनिज तेलाच्या विहिरींचं काम करतंय, हे कोल्हापूरकराला पटणार कसं? म्हणून आधी चिखल समजून घ्या.

तेलाची विहीर म्हणजे आपली पायऱ्यांची, मोटेची विहीर नव्हे. तोंड परातीएवढं. खोली मात्र अशी, की जोतिबाचे पाच डोंगर एकावर एक रचून उलटे आत घातले तरी तळ लागायचा नाही. लोखंडी नळाच्या टोकाला दातेरी गिरमिट लावून हे भोक पाडतात. आता गिरमिटानं फोडलेला दगड वर कसा आणायचा? बादली तर जात नाही. त्यासाठी चिखल. पंपानं नळातून खाली सोडायचा, तो गिरमिटाच्या तोंडातून बाहेर पडतो, दगडाचा चुरा उचलतो आणि नळाच्या बाहेरच्या फटीतून वर येतो. गिरमिट थंड ठेवतो, भोकाच्या भिंतीला लिंपण घालतो, खालून उसळणाऱ्या वायूला दाबून धरतो. विहिरीचं रक्तच ते.

हा चिखल अंगणातला नव्हे. फिरत असताना ताकासारखा वाहिला पाहिजे आणि पंप थांबला की पिठल्यासारखा आळला पाहिजे, नाहीतर वर येणारा चुरा परत तळाला जाऊन नळ अडकतो. नळ अडकला की विहीर गेली. आणि खोल जाल तशी जमिनीतली माती त्यात विरघळत जाते, चिखल घट्ट होत जातो. पाणी ओतून पातळ करावा तर त्याचा दाब जातो. म्हणून पाणी न घालता चिखल पातळ करणारं औषध लागतं. त्या काळी ते औषध म्हणजे एक काळी पूड, आणि त्या पुडीत क्रोम!

क्रोमचा एक अवतार विषारी आहे. विहीर संपली की उरलेला चिखल शेजारच्या खड्ड्यात ओतायचे आणि घरी जायचे. खड्डा पाझरतो. पाझरलेलं कुठं जातं, हे विचारायला तिथं कोण बसलंय?

आमच्याकडं मात्र मी बसले होते.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. कळंब्याच्या जेलची भिंत मागं टाकून बरंच पुढं गेलं, की एक ओढा लागायचा. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक पत्र्याचा कारखाना होता. मालकाला सगळे निवृत्तीमामा म्हणत. कागद गिरणीचं काळं पाणी आणायचं, त्यात क्रोमचं मीठ शिजवायचं, वाळवून पूड करायची आणि दूर तेलाच्या विहिरींना पाठवायची, हा त्यांचा धंदा. कढया धुतलेलं पाणी ओढ्यात. ओढा कावीळ झाल्यासारखा पिवळा.

मी तेव्हा तेवीस वर्षांची. परीक्षा संपलेली, डोक्यात आग, हातात पत्रकं. आम्ही चार-पाच जण होतो. अन्याय दिसला की पत्रक काढायचं, हा आमचा व्यायाम. शाहूपुरीत गणूभाऊंचा पायानं चालवायचा छापखाना होता, तिथं छपाई व्हायची. "ओढा पिवळा का?" या माझ्या पत्रकाची खिळे जुळवणी करताना गणूभाऊंनी आतून हाक मारली, "ताई, उद्गारचिन्हं संपली. राहिलेल्या जागी पूर्णविराम चालंल का?"

पत्रकाचा शेवट असा होता: "हे पाणी ज्यानं बिघडवलं त्यानं ओढ्याकाठी यावं, लोकांसमोर उभं राहावं आणि या पाण्याची एक ओंजळ पिऊन दाखवावी!" खाली माझं नाव, पूर्ण. निनावी पत्रकाची मला चीड आहे.

पहिलं पत्रक दिलं हौसाबाईला. ओढ्याच्या खालच्या अंगाला तिचा गोठा. सहा म्हशी. रोज ओढ्यात डुंबवून, चकाचक करून ती त्या संध्याकाळी गावात कट्ट्यावर न्यायची आणि गिऱ्हाईकासमोर धार काढायची. तिनं पत्रक उलटंसुलटं पाहिलं, घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवलं. "वाचाय येत न्हाय मला. पर ऱ्हाऊ दे. कागुद कामाला येतोय."

मग कारखान्याच्या फाटकात उभी राहून मी घोषणा सुरू केल्या. एकटीच. निवृत्तीमामा बाहेर आले. धोतर, वर बुशशर्ट, कपाळाला आठ्या. पत्रक उभ्या उभ्या पूर्ण वाचलं.

"तू लिवलंस?"

"हो. पिणार का एक ओंजळ?"

"न्हाय." मामा शांतपणे म्हणाले. "त्यात काय हाय ते मला ठावं हाय. मी कशाला पितोय?"

मी भांडायच्या तयारीनं आले होते. माणूस कबूलच करतोय म्हटल्यावर काय करायचं, ते आमच्या अभ्यासमंडळात शिकवलं नव्हतं.

"केमिस्ट्री शिकलीस म्हणं," मामा पुढं म्हणाले. "मग बोंबलत काय बसलीस? क्रोम सोडून हिरीत चालंल असं कायतरी करून दाखीव. कंपनीनं पास केलं, का त्या दिवशी क्रोमची पिंपं गेली हितनं. जोतिबाची आण. न्हाय जमलं, तर ह्या कागदांची होळी करायची, ती बी तुझ्या हातानं. हाय कबूल?"

"आहे!" मी म्हणाले. त्या दिवसापासून मामांच्याच कारखान्यात माझी सहा वर्षं सुरू झाली.

पहिलं दीड वर्ष काय काय केलं, ते सांगत बसत नाही. एकच किस्सा. चिखलाला लिंपणाचा गुण यावा म्हणून आम्ही चिंचोक्याची पूड वापरली. इचलकरंजीत मागाच्या सुताला खळ देतात ती. उत्तम निघाली! नमुन्याचं पिंप भरलं आणि कंपनीच्या साहेबाला बोलावणं पाठवलं. तो येईपर्यंत आठ दिवस गेले, दिवस उन्हाळ्याचे. पिंपातली आंबील झाली, झाकण उडालं ते पत्र्याला जाऊन लागलं.

हे साहेब म्हणजे सोमण. पुण्याचे. विहिरीवर चिखलाची जबाबदारी असलेले इंजिनिअर. नाकाला रुमाल लावून त्यांनी पिंपात डोकावलं आणि विचारलं, "हे विहिरीत घालायचं आहे, की विहिरीतून काढलं आहे?"

मी म्हणाले, "झाडाचं आहे. झाडाचं नासणारच. तुमच्या क्रोमसारखं शंभर वर्षं टिकत नाही, हाच तर त्याचा गुण."

"गुण छान आहे," सोमण म्हणाले. "विहीर संपेपर्यंत त्याला जरा आवर घालता आला तर पाहा."

राग आला. पण मुद्दा बरोबर होता. पुढं चुना घातल्यावर ते नासणं थांबलं. खरं कोडं वेगळंच होतं: पातळ करणारं औषध. क्रोमच्या जागी काय?

ते सापडलं पायाखाली. म्हणजे अगदी खरोखर.

माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. मामा म्हणाले, यल्लाप्पाकडं जा. यल्लाप्पा सीमेकडचे, साठीचे. कातडं कमवायचे स्वतः, चपला करायचे स्वतः. घरामागं त्यांचे सात-आठ हौद होते. बाभळीची साल आणि हिरडा भिजवलेल्या लालसर पाण्यात कातडी मुरत पडलेली. मी सरळ हौदाकडं निघाले तर ते ओरडले, "अक्का, तिकडं पाय नगा टाकू! घसरशीला. सालीचं पानी सांडतंय तिथं, माती पातळ हुतीया."

मी थांबले. "काय म्हणालात?"

"माती पातळ हुतीया."

"पाणी सांडलं की माती चिकट होते, यल्लाप्पा."

"साध्या पान्यानं चिकाट. ह्या पान्यानं ताक." त्यांनी काठीनं ढवळून दाखवलं. आमच्या भागातली काळी, चिवट, फावड्याला न सोडणारी माती. ती वाहत होती!

मी चप्पल तिथंच टाकली. सालीच्या पाण्याचा तांब्या भरून घेतला आणि एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, अशी सायकल हाणत कारखान्यात गेले. चिखलाची परीक्षा सोपी असते: ठरावीक मापाचं नरसाळं, त्यात चिखल भरायचा, खालचं बोट काढायचं आणि भांडं किती सेकंदांत भरतं ते घड्याळात बघायचं. आमचा घट्ट चिखल दीड मिनिट घ्यायचा. त्यात दोन वाट्या सालीचं पाणी आणि चिमूटभर कॉस्टिक सोडा घातला, ढवळलं, बोट काढलं.

त्रेचाळीस सेकंद.

परत केलं. चव्वेचाळीस. मी एवढ्या जोरात ओरडले, की मामा लाकूड घेऊन धावत आले. त्यांना वाटलं साप निघाला.

यल्लाप्पांना मी हाताला धरूनच कारखान्यात आणलं. काढा करायचा तो त्यांच्या देखरेखीखाली: सिमेंटच्या टाक्यांत हिरडा आणि साल भिजवायची, निघालेलं पाणी गुऱ्हाळाच्या काहिलीत आटवायचं, वाळवून पूड. जवळच एक गुऱ्हाळ हंगाम संपला की रिकामंच असायचं, त्याची काहील मिळाली. तेलाची विहीर, चपलेचं औषध आणि गुळाची काहील! सांगा, कोल्हापूर सोडून हे कुठं जमलं असतं?

यल्लाप्पांच्या दोन गोष्टी मला पटत नव्हत्या. एक म्हणजे ते प्रत्येक टाकीचं पाणी जिभेवर घेऊन पारखायचे. "जीभ वडली पायजे अक्का. वडली न्हाय, तर ते पानी मेल्यालं." मी म्हणायचे, माझ्याकडं प्रयोगशाळा आहे. दुसरी अशी, की त्यांना टाकीतलं शेवटचं फिकट पाणी टाकून द्यायला नको असायचं. "जुन्या पान्यातच नवी साल घालायची. आमी कवाच पानी टाकीत न्हाय." मी म्हणायचे, शास्त्रात दर वेळी स्वच्छ पाणी लागतं. ते म्हणायचे, "बरं अक्का. तुमी शिकल्याल्या." आणि टाकीचं बूच काढायचे.

हे दोन्ही लक्षात ठेवा.

अखेर कंपनीनं एक विहीर दिली. एकच. गुजरातेत, खाडीजवळ, फार खोल नसलेली. सोमणांची अट स्पष्ट होती: "नरसाळ्यात एक मिनिटाच्या वर गेला, की मी माझी पूड घालणार. वाद नको." त्यांनी क्रोमच्या पुडीची पोती चिखलाच्या टाकीला लागूनच रचून ठेवली होती, आमच्या डोळ्यांसमोर. लग्नात नवरदेवाशेजारी दुसरा मुंडावळ्या बांधून बसवावा तशी.

म्हणजे या विहिरीत आमचा काढा टिकला तर आमचा ओढा सुटणार. नाही टिकला तर मामांचा क्रोम चालू आणि माझ्या पत्रकांची होळी.

साठ पोती पूड घेऊन आम्ही ट्रकनं गेलो. मी, मामा आणि यल्लाप्पा. यल्लाप्पांना नेण्यात मला अर्थ वाटत नव्हता. मामा म्हणाले, "लग्नाला आचारी लागतोय का न्हाय?" विहिरीवरच्या मुकादमानं मला पाहून सोमणांना विचारलं, "साहेब, बाई इथं?" सोमण म्हणाले, "बाई नाहीत त्या, पत्रक आहेत. जपून बोला, छापतील." पहिल्यांदाच मला हा माणूस आवडला.

दोन दिवस काय वर्णावेत! तो लोखंडी मनोरा, तो घरघराट, पायाखालची जमीन थरथरतेय, नळामागून नळ खाली चाललेत आणि चाळणीवर आमचा चिखल दगडाचा चुरा ओतून परत तरतरीत टाकीत. बेचाळीस सेकंद. पंचेचाळीस. त्रेचाळीस. दर तासाला नरसाळं मीच धरत होते. हिरडा हो! आजीच्या बटव्यातला हिरडा, आणि त्याच्यावर ते अवाढव्य धूड चालतंय!

तिसऱ्या दिवशी सकाळी पन्नास सेकंद. खाली चिकण मातीचा थर लागला होता. मी म्हणाले, दोन पोती घाला. घातली. तासानं चौपन्न. आणखी दोन. छप्पन. पंपाचा आवाज बदलला, भरल्या पोटानं चढ चढणाऱ्या म्हशीसारखा. सोमण क्रोमच्या पोत्याशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी शिवणीचा दोरा सोडवायला घेतला.

"थांबा!" मी ओरडले. "पोत्यावर ताकद लिहिलीय. माझ्या सहीनं."

"पोतं सहीवर चालत नाही, मॅडम."

यल्लाप्पा तिथंच उकिडवे बसले होते. उठले. रिकाम्या झालेल्या पोत्याच्या तळात बोट घातलं, जिभेवर ठेवलं, थुंकले.

"अक्का, ही मेलेली हाय."

माझं डोकं सणकलं आणि पुढच्याच क्षणी गार पडलं. आठवलं. पावसाळ्यात गोदामाचा पत्रा गळला होता, हिरड्याची काही रास भिजली होती, तिच्यावर बुरा आला होता. बुरा सगळा गुण खातो. आम्ही वरचा बुरा झटकून तो हिरडा उकळला होता. आणि मी तपासलं होतं फक्त पहिलं पोतं. तोच आकडा साठही पोत्यांवर लिहून मोकळी झाले होते. एका पोराची तपासणी करून अख्ख्या वर्गाला दाखला द्यावा तसा. दुसऱ्यानं हे केलं असतं तर मी पत्रक काढलं असतं.

"चांगली पोती किती?" मी विचारलं.

"बघाय लागंल की," यल्लाप्पा म्हणाले आणि निघालेच. एकेका पोत्याला टाचणीएवढं भोक, बोट, जीभ, थुंकी. "ही खरी. ही खरी. ही गुळमाट. ही मेली." मामा मागून खडूनं खुणा करत होते. वीस-एक पोती झाल्यावर यल्लाप्पा थांबले. "जीभ बथ्थड झाली. आता कळंना."

अठ्ठावन्न सेकंद, कुणीतरी टाकीवरून ओरडलं.

"मला शिकवा," मी म्हणाले. त्यांनी खऱ्या पोत्यातली चिमूट माझ्या जिभेवर ठेवली. जीभ आतून कुणी चिमट्यात धरून ओढली, गाल आत गेले. मग मेलेल्यातली. नुसती माती. एवढा स्वच्छ फरक! दीड वर्ष हा माणूस मला हे सांगत होता, आणि मी? माझ्याकडं प्रयोगशाळा आहे!

मी एका बाजूनं सुरू झाले, मामा दुसऱ्या. मामांची जीभ तंबाखूनं आधीच गेलेली; ते दर पोत्याला "खरी!" म्हणायला लागले. यल्लाप्पा सोमणांकडं वळले. "सायेब, तंबाकू खाता?"

"छे."

"मग जीभ भाईर काढा."

"हे कुठल्याही प्रमाणित पद्धतीत बसत नाही," सोमण म्हणाले. आणि त्यांनी जीभ बाहेर काढली.

ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. डोक्यावर हेल्मेट, हातात घड्याळ, पुण्याचा चिखल-इंजिनिअर पोत्यापोत्याला थुंकत चाललाय आणि दर वेळी तोंड वाकडं करून म्हणतोय, "ही... खरी असावी." साठातल्या राहिलेल्या पोत्यांतली एकोणतीस खरी निघाली. भराभर टाकीत गेली. एकोणसाठवर काटा थांबला. एक तास तिथंच. मग छप्पन. मग एक्कावन्न. दुपारी चार वाजता सत्तेचाळीस.

सोमणांनी सोडलेला दोरा परत बांधला. स्वतःच्या हातानं, नीट गाठ मारून.

चार दिवसांनी विहीर ठरल्या खोलीला पोचली आणि नळ अडकल्याशिवाय वर आला. मी रडले. मामांनी जोतिबाच्या नावानं चांगभलं केलं, ते त्या घरघराटातही ऐकू गेलं. परतल्यावर त्यांनी क्रोमची पिंपं ज्याची त्याला परत पाठवली. शब्दाला जागलेला माणूस. खरं तेही सांगते: फार खोल, तापलेल्या विहिरीत आमचा काढा जळून निकामी व्हायचा. तिथं क्रोमच चालू राहिला. तो सल आहे. पण उथळ विहिरी आम्ही एकामागून एक घेतल्या. ऑर्डरी वाढल्या, टाक्या दोनाच्या आठ झाल्या. मी गावोगाव भाषणं देत सुटले. "झाडाचं ते झाडाचं! त्यात विष नाही!" टाळ्या!

आणि एका सकाळी हौसाबाई फाटकात उभी राहिली. एकटीच. मी चार-पाच वर्षांपूर्वी जिथं उभी होते, तिथंच.

"शालनबाई, भाईर ये."

मी हसत गेले. तिनं कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. घड्यांवर विरलेला, दुधाचे डाग पडलेला.

"मी वाचाय शिकलो न्हाय. तूच वाच. मोठ्यानं."

"हौसाबाई, आता क्रोम नाही..."

"वाच म्हंतोय न्हवं."

मी वाचलं. "ओढा पिवळा का?" तिनं हात वर केला. "पिवळा न्हाय. काळा. म्होरं."

ती मला ओढ्याकडं घेऊन गेली. टाक्यांचं पाणी जिथं पडत होतं तिथून खाली, ओढा चहासारखा. काठाला मासे उलटे, पांढरी पोटं वर. म्हशी बांधावर उभ्या, पाण्यात उतरायला तयार नाहीत. आठ टाक्यांचं शेवटचं पाणी आम्ही रोज सोडत होतो. मी सोडायला सांगितलं होतं. झाडाचं ते झाडाचं! पण कुजताना ते पाण्यातला सगळा प्राणवायू खातं, हे मला पुस्तकातून पाठ होतं. विष नसलं तरी माशाला गुदमरून मरता येतं. एकदाही येऊन ओढा बघितला नव्हता मी. भाषणांत वेळ कुठं होता?

"शेवटचं राह्यलं," हौसाबाई म्हणाली. "ते वंजळीचं."

मी वाचलं. "...लोकांसमोर उभं राहावं आणि या पाण्याची एक ओंजळ पिऊन दाखवावी." खाली माझं नाव. तेही वाचलं.

"मामानं पेली नव्हती," ती म्हणाली. "त्यो म्हनला मला ठावं हाय. तुला ठावं व्हतं का?"

"नव्हतं."

"मग पी."

मी वाकले. ओंजळ भरली. प्यायले.

जीभ ओढली. गाल आत गेले. विहिरीवर खऱ्या पोत्यातली चिमूट ठेवली तेव्हाची तीच चव, पातळ, पण तीच. मला खोकला आला आणि खोकता खोकता मी ओरडायला लागले, "यल्लाप्पा! अहो यल्लाप्पा! खरी आहे! हे खरं पाणी आहे! आपण काढा ओढ्यात ओततोय!"

हौसाबाईला वाटलं मला चढलं. यल्लाप्पा धावत आले, त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. मग माझ्याकडं पाहिलं. "आमी कवाच पानी टाकीत न्हाय" असं ते परत म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी टाक्यांची बुचं पक्की लिंपली. शेवटचं पाणी पहिल्या टाकीत, नव्या सालीवर. तिथून दुसरीत, तिसरीत, जसं यल्लाप्पांच्या घरामागं बापजाद्यांपासून चालत आलं होतं. पूड वाढली. ओढ्यात जायचं थांबलं. मासे परत यायला पुढचा पावसाळा उलटावा लागला, आणि तोवर हौसाबाईनं म्हशी रोज दीड कोस लांब पाण्याला नेल्या. पायी. त्याची भरपाई माझ्या कुठल्या भाषणात नव्हती.

संध्याकाळी मी सायकल काढून शाहूपुरीत गेले. गणूभाऊंनी जुनं पत्रक ओळखलं. मी त्यावर पेनानं तीन दुरुस्त्या करून दिल्या. पिवळाच्या जागी काळा. क्रोमच्या जागी साल आणि हिरडा. आणि "हे पाणी ज्यानं बिघडवलं त्यानं" खोडून तिथं माझं पूर्ण नाव.

गणूभाऊंनी चष्मा वर केला, कागद दिव्याजवळ धरला, दोनदा वाचला.

"ताई, काहीतरी घोळ झालाय. आरोपी म्हणून बी तुमीच, आणि खाली सही बी तुमचीच?"

"घोळ नाही. छापा," मी म्हणाले. "आणि गणूभाऊ, पहिली प्रत वाचून दाखवायची आहे एकीला. जरा ठळक टाइपात घ्या."